बर्फाची फेक आणि दहा मिलिमीटरची फट

शीर्षक वाचून तुम्ही म्हणाल, "याने बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीगृहात, हा काय लिहिणार?" परवापर्यंत खरं होतं. पण मागच्या डिसेंबरात परीक्षा संपल्यावर मी तीन आठवडे काकांकडे अमेरिकेत, सिरॅक्यूजला होतो. न्यूयॉर्क राज्यातलं हे शहर ऑन्टॅरिओ सरोवराच्या जवळ. थंडगार वारा सरोवराच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून येताना बाष्प उचलतो आणि जमिनीवर आला की बर्फ ओततो. वर्षाला सरासरी तीन मीटरहून जास्त!

काकांकडे गार्डन ट्रॅक्टर आहे. आपल्याकडचा उसाच्या ट्रॉल्या ओढणारा नव्हे, उन्हाळ्यात गवत कापायचा छोटा, २० हॉर्सपॉवरचा. हिवाळ्यात त्याच्या पुढे ४२ इंची स्नोब्लोअर लावतात. यात दोन टप्पे असतात. पुढचा आडवा स्क्रू, म्हणजे ऑगर, हळू फिरत बर्फ मध्यभागी ओढतो. मागचा इम्पेलर जोरात फिरून तो धुराड्यासारख्या वाकड्या तोंडातून, म्हणजे चूटमधून, लांब फेकतो.

पहिल्याच आठवड्यात तो प्रसंग घडला. रस्ता साफ करणारी गाडी गेली की प्रत्येक घराच्या तोंडाशी ओल्या, जड बर्फाचा बांध घालून जाते. काकांनी ब्लोअर त्यात घातला आणि चूट गच्च भरली. त्यांनी ब्लोअरचा क्लच सोडला, खाली उतरले आणि सरळ चूटमध्ये हात घालायला लागले. खिडकीतून काकू किंचाळल्या, "अहो, हात काढा आधी!" त्याच गल्लीतल्या एका गृहस्थांची दोन बोटं अशीच गेली होती. अडकलेल्या इम्पेलरच्या पट्ट्यात ताण साठून राहतो. बर्फ मोकळा झाला की इंजिन बंद असलं तरी पातं झटका मारतं आणि बोटासाठी तेवढा झटका पुरतो.

संध्याकाळी काका म्हणाले, "इंजिनात दम नाही राहिला. मोठा ट्रॅक्टर घ्यावा म्हणतोय."

मी म्हटलं, "काका, घ्यायच्या आधी एकदा गणित करून बघू?"

"बघ बाबा. एवढी फी भरतोय तुझा बाप!"

गणित

इम्पेलरचा व्यास ३० सेंटिमीटर, वेग १००० आरपीएम धरला, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण १५.७ मीटर येतो. ४५ अंशात, हवेचा विरोध सोडून दिला, तर फेक होते २५ मीटर. प्रत्यक्षात बरीच कमी पडते, पण नियम लक्षात ठेवा: फेक वेगाच्या वर्गावर अवलंबून असते.

आता पॉवर. २० सेंटिमीटर बर्फ, ४२ इंच रुंदी, ट्रॅक्टरचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता १०० किलो प्रति घनमीटर धरली, तर सेकंदाला जवळजवळ ११ किलो बर्फ आत येतो. त्याला एवढा वेग द्यायला लागतात जेमतेम दोन हॉर्सपॉवर. बर्फ ओला, तिप्पट जड असला तरी साडेपाच. घर्षण आणि बर्फ फोडण्यासाठी आणखी बरीच जाते, पण २० हॉर्सपॉवर कमी पडू नयेत. मग पॉवर जाते कुठे?

फट

दुसऱ्या दिवशी किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर सोडली आणि इम्पेलरचं पातं व बाहेरचं कवच यांच्यात पट्टी घातली. १० मिलिमीटर! हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्युगल पंपाच्या इम्पेलरची फट वाढली की डिस्चार्ज पडतो, हे आपण जर्नलमध्ये डोळे झाकून उतरवतो. इथे तेच झालं होतं. कोरडा बर्फ हवेबरोबर उडून जातो, म्हणून फट जाणवत नाही. ओला बर्फ मात्र फटीतून मागे घसरतो, तिथेच गोल फिरत राहतो आणि चूटमध्ये संथपणे चढून चिकटतो. म्हणजे दोष इंजिनाचा नव्हता, गळतीचा होता.

उपाय अगदी देशी वाटेल असा आहे. शेतीच्या दुकानातून कापडाचे थर असलेला जाड रबरी पट्टा आणला (आपल्याकडच्या कन्व्हेअर बेल्टसारखा). प्रत्येक पात्यासाठी सारख्या मापाचा, सारख्या वजनाचा तुकडा कापला. वजन कमीजास्त झालं तर बॅलन्स बिघडून बेअरिंग जाईल. वर लोखंडी पट्टी ठेवून नायलॉन लॉकनटने आवळले. रबर कवचाला हलकंसं घासेल इतकंच बाहेर ठेवलं आणि हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहिला. सुरुवातीला ते थोडं झिजतं आणि बरोबर बसतं.

बाकीच्या चार गोष्टी

१. थ्रॉटल : आवाज नको म्हणून काका ते कमी ठेवायचे. ३६०० ऐवजी ३००० आरपीएम म्हणजे फेक ३० टक्क्यांनी कमी! थ्रॉटल पूर्ण ठेवायचं आणि कमी करायचा तो ट्रॅक्टरचा चालण्याचा वेग.

२. पट्टा : व्ही-बेल्ट पकडतो तो बाजूंनी. झिजून पुलीच्या तळाला टेकला की घसरणारच. तो बदलला, ताण नीट केला.

३. पकड : पुढे ब्लोअर लोंबकळला की पुढच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या, मागची चाकं हलकी होतात. म्हणून मागे वजनं आणि चाकांना साखळ्या.

४. चूट : आतून गंज घासून रंग दिला, वर सिलिकॉन स्प्रे. गुळगुळीत पत्र्यावर बर्फ कमी चिकटतो.

मोठी पुली लावून इम्पेलर आणखी पळवायचा मोह मलाही झाला. पण वेग १० टक्के वाढवला तर पॉवर २१ टक्के जास्त लागते आणि पात्यांवरचा सेंट्रिफ्युगल ताणही तेवढाच वाढतो. तो नाद सोडला. तसंच ऑगरची शिअर पिन तुटते म्हणून तिथे कडक बोल्ट घालू नका. दगड आला की स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणं हेच तिचं काम.

निकाल

चार दिवसांनी पुन्हा बर्फ पडला, पुन्हा बांध. आधी तोच बर्फ दोन-तीन मीटरवर लदलदत पडायचा, आता पलीकडच्या कुंपणापर्यंत गेला. चूट एकदाही भरली नाही. काका फक्त "हं" म्हणाले, पण मोठ्या ट्रॅक्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

काकूंनी मात्र एक लाकडी दांडा सुतळीने ब्लोअरला बांधून टाकला. चूट भरलीच तर इंजिन बंद, किल्ली खिशात आणि मग दांडा. हात कधीच नाही. आपल्याकडे कडबाकुट्टीवर हात गमावलेली माणसं आहेतच, त्यामुळे हा नियम बर्फापुरता नाही.

मी मात्र एक शिकलो. मशीन कमी पडतंय म्हटलं की आपण आधी मोठं इंजिन शोधतो. त्याआधी पट्टी घेऊन फट मोजावी. काकांचा खर्च वाचला, आणि बहुतेक बोटंसुद्धा.