अ‍ॅम्प गुणगुणतोय? आधी ऐका, मग उघडा!

चांगले हेडफोन हातात आले की पुढचा मोह असतो हेडफोन अ‍ॅम्पचा. नवा परवडत नाही, म्हणून तुम्ही कुणा सीनियरकडून सेकंड हँड उचलता. रूमवर आणून लावता आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच कानात ‘घुंऽऽ’! मित्र म्हणतात, ‘फसलास!’ पण थांबा. यातले बरेचसे आवाज घरच्या घरी पकडता येतात, काही तर फुकटात जातात. फक्त क्रम चुकवू नका.

सगळ्यात आधी महागडे हेडफोन बाजूला ठेवा. बिघडलेल्या अ‍ॅम्पच्या आउटपुटला डीसी व्होल्टेज येऊ शकतं आणि त्यानं हेडफोनची कॉइल जळू शकते. म्हणून आउटपुटमध्ये एखादी जुनी ऑक्स केबल लावा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरनं डावा-उजवा दोन्ही चॅनेल ग्राउंडशी मोजा. 20 मिलिव्होल्टच्या आत आलं तर उत्तम. 100 च्या पुढे गेलं तर हेडफोन लावूच नका. माप ठीक आलं तरी पहिली टेस्ट स्वस्तातल्या जुन्या इअरफोनवर करा.

आवाज कुठला?

आता इनपुटची केबल काढा, व्हॉल्यूम शून्यावरच ठेवा. आवाज तसाच राहिला तर गडबड अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये आहे. गेला, तर केबल परत लावून लॅपटॉपऐवजी चार्जिंगला नसलेला मोबाइल जोडून बघा. आता सगळं शांत? मग अ‍ॅम्प निर्दोष आहे. लॅपटॉपचा चार्जर काढला की घुंई थांबते का तेही बघा. थांबली, तर तो ग्राउंड लूप. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तेवढ्यानं भागलं नाही तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. ती पिन तुमच्या जिवासाठी असते.

बारीक ‘स्सस्स’ ऐकू येतोय? इअरफोन बदलून बघा. 300 ओहमचे हेडफोन डोळ्यापुढे ठेवून बनवलेल्या अ‍ॅम्पला 16 ओहमचे संवेदनशील इन-इअर लावले तर हिस येणारच. गेनचा स्विच असेल तर ‘लो’वर करा. हा बिघाड नाही, जोडी जुळत नाही इतकंच.

फक्त नॉब फिरवताना खरखर येते? पॉटमध्ये धूळ किंवा गंज आहे. अ‍ॅम्प बंद करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. फरक पडला नाही तर पॉटच्या फटीत थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुन्हा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. घरातलं तेल मात्र नको.

जॅक हलवला की एक बाजू जाते-येते? तिथलं सोल्डर सुटलंय. मेकॅनिक ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तेच. ते तापवून नव्यानं सोल्डर केलं की काम झालं.

सतत ‘घुंऽऽ’ असेल तर

आधी अ‍ॅडॉप्टरचं लेबल वाचा. सेकंड हँड मालासोबत बऱ्याचदा ‘पिन बसते ना’ म्हणून भलताच अ‍ॅडॉप्टर दिलेला असतो. व्होल्टेज, करंट, पिनची पोलॅरिटी सगळं जुळायला हवं. काही अ‍ॅम्पना डीसी नव्हे, एसी आउटपुटचा अ‍ॅडॉप्टर लागतो, हेही तपासा.

तो बरोबर असेल तर संशयित नंबर एक म्हणजे फिल्टर कपॅसिटर. आपली वीज 50 हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर तिची 100 हर्ट्झची लाट उरते आणि ती सपाट करायचं काम हे कपॅसिटर करतात. वय आणि उष्णता यांमुळे ते आतून सुकतात, मग ती लाट थेट कानात येते. डोकं फुगलेलं दिसलं तर बदलाच, पण दिसायला ठीक असलेलाही सुकलेला असू शकतो. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, 105 अंशांचा घ्या. पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तो सहज मिळतो.

एक लक्ष्मणरेषा मात्र पाळा. बाहेर अ‍ॅडॉप्टर असलेला कमी व्होल्टचा अ‍ॅम्प जरूर उघडा, अर्थात प्लग काढूनच. पण ज्याच्यात थेट 230 व्होल्टची वायर जाते किंवा ज्याच्यात व्हॉल्व्ह आहेत, तो जाणकाराकडेच न्या. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जबर झटका देऊ शकतात.

आणि पुढच्या वेळी सेकंड हँड घ्यायला जाल तेव्हा खिशात जुना इअरफोन आणि मल्टिमीटर ठेवा. केबल काढून ऐका, नॉब फिरवा, जॅक हलवा, मिलिव्होल्ट मोजा. पाच मिनिटांचं काम. बिघाडाचं नाव सांगता आलं की भाव पाडणंही सोपं जातं, आणि कुठला अ‍ॅम्प तिथंच सोडून यायचा तेही कळतं.