मूळ गावाचा कागद
कोकणातले बेने इस्राएल, नंदुरबारचे ख्रिस्ती आदिवासी आणि विखुरलेली दफ्तरं : एक आढावा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून, देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल सोडवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडांनी छापली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि जिल्ह्याचं ठाणं धुळं. महाराष्ट्राला कागद जपायची सवय लावण्यात या भागाचा वाटा मोठा आहे.

पण रुमाल वाड्यात असतात. ज्यांच्याकडे वाडा नव्हता, वतन नव्हतं, त्यांचं दफ्तर कुठं शोधायचं? अलिबागजवळ घाणा चालवणारा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, किंवा नवापूरजवळच्या पाड्यावर बाप्तिस्मा घेतलेला मावची आदिवासी शेतकरी राजवाड्यांच्या वाटेवर सहसा येत नव्हता. तरी या दोन्ही समाजांना 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न वेळोवेळी विचारला गेला, आणि तोही पुरावा मागणाऱ्या स्वरात. त्यांच्या बाजूने बोलणारे कागद आहेत. ते कुठं आहेत, कुणी गोळा केले आणि काय करायचं राहिलं, याचा हा आढावा.

एकाच पत्र्यावर दोघे

ज्यू आणि ख्रिस्ती एकाच कागदावर भेटतात तिथून, म्हणजे केरळातून, सुरुवात करावी लागते. कोल्लमचा तरिसापल्ली ताम्रपट इ. स. 849चा. वेणाडच्या अधिपतीने मार सापीर ईशो या ख्रिस्ती व्यापाऱ्याने उभारलेल्या चर्चला जमीन, सेवेकरी कुटुंबं, करमाफी आणि वजनमापांवरचे हक्क दिले, त्याची ही सनद. शेवटच्या पत्र्यावर साक्षीदारांच्या सह्या आहेत : काही अरबीत, काही पहलवीत, तर काही हिब्रू लिपीत लिहिलेल्या फारसीत. म्हणजे चर्चच्या जमिनीला ज्यू साक्षीदार. भारतातल्या ज्यू वस्तीचा एवढा जुना लेखी पुरावा क्वचितच सापडेल, आणि तो सापडतो ख्रिस्ती देवळाच्या करमाफीत.

या विषयातला पहिला धडा इथेच मिळतो. उपयोगी पडणारा कागद बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला असतो. 'आम्ही इथले आहोत' असं लिहून ठेवायची गरज त्या काळी कुणालाच वाटली नव्हती. लोकांनी कर, देणी, लग्नं आणि मयती लिहिल्या. इथलेपण त्यातून आपोआप सिद्ध होतं.

कोकण : आडनावं, पोथ्या, मासिकं

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना जिथं पुरलं ते उंचवटे आजही दाखवतात. या घटनेला समकालीन कागद नाही. मात्र पुढचं सगळं कोकणाच्या मातीत ठळक उमटलेलं आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांची : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर. त्यांची नुसती यादी केली तरी कुलाबा जिल्ह्याचा नकाशा तयार होतो.

युरोपीय कागदांत त्यांचा पहिला उल्लेख येतो तो 1738मध्ये, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात. पुढे 1813मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं, 1829मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. विल्सननी 1832मध्ये या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केलं. हेतू धर्मप्रसाराचा होता. पण विस्मरणात गेलेली हिब्रू शिकून बेने इस्राएल उलट आपल्याच धर्मात पक्के झाले. त्यांच्या एकोणिसाव्या शतकाचा अभ्यास करणाऱ्याला आज मिशनचे अहवाल उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

समाजाचे स्वतःचे कागदही भरपूर आहेत. कंपनी सरकारच्या फौजेतले सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी 1796मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग, शार हरहमीम, बांधलं. शेजारचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. त्यानंतर रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी सिनेगॉग उभी राहिली. सिनेगॉग म्हटलं की वर्गणीच्या वह्या आल्या, लग्नाचे करारनामे म्हणजे केतुबे आले, कबरींवरचे हिब्रू-मराठी लेख आले.

यातला एकच ऐवज जरा जवळून पाहू. 1874मध्ये पुण्यात छापलेला हगादा. वल्हांडणाच्या रात्री घराघरांत वाचायची ही पोथी, हिब्रू मजकुराला मराठी भाषांतर जोडलेलं. मिसर देशातून सुटका झाल्याची कथा तिच्यात आहे, शेवटी यरुशलेमची आस आहे. आणि चित्रात बेखमीर भाकरी करायला बसलेल्या बायका पाहाव्यात तर त्या लुगडी नेसलेल्या, इथल्या कुठल्याही घरातल्या वाटाव्यात अशा. ओढ पूर्वजांच्या भूमीची, पण स्वयंपाकघर महाराष्ट्राचं. ही पोथी छापणाऱ्याला दोन्हींत विरोध दिसला नव्हता. पुढे 1968मध्ये अमेरिकेत तिची प्रतिकृती निघाली, तेव्हा ती जगभरच्या ग्रंथालयांत पोचली.

त्याच पिढीत अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली गेली, मराठीतून नियतकालिकं निघाली. पानं चाळली तर धर्मचर्चेच्या शेजारी मुलांच्या परीक्षांचे निकाल, नोकरीतल्या बढत्या, मृत्युवार्ता. संपादकाने जागा भरायला घातलेला हाच मजकूर आज वंशावळ लावणाऱ्याच्या सर्वांत कामाचा.

हस्तलिखिताची चाळीस वर्षं

कागद गोळा करून समाजाचा इतिहास लिहायचं काम पहिल्यांदा केलं हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. 1875मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू करणाऱ्यांत ते अग्रणी होते. आज ती माझगावची सर एली कदूरी शाळा. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं, घरांतून मिळालेलं, विधींचं प्रत्यक्ष पाहिलेलं सगळं एकत्र करून त्यांनी 1897मध्ये इंग्रजीत इतिहास लिहिला. तो छापून झाला 1937मध्ये, तेल अवीवला. तोवर लेखक हयात नव्हते. पुढच्या बहुतेक सगळ्या अभ्यासाची भिस्त या एका पुस्तकावर आहे. शर्ली आयझेनबर्ग, जोन रोलंड, शाल्वा वाईल, आणि समाजातलेच बी. जे. इस्राएल यांनी नंतर मोलाची भर घातली. पण किहीमकरांनी ज्या म्हाताऱ्यांना विचारलं ते पुन्हा कुणाला भेटणार नव्हते.

या खटाटोपाची खरी किंमत 1962मध्ये कळली. 1948नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला जाऊन स्थायिक झाले होते. तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्न लावणाऱ्या रब्बींना सूचना काढली : या समाजातली व्यक्ती इतर ज्यूंशी लग्न करणार असेल, तर आई, आजी, आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासा. ज्या भूमीची आस पिढ्यान्‌पिढ्या हगाद्यात वाचली, तिथेच वंशाचा दाखला मागितला गेला. समाज रस्त्यावर उतरला, धरणं धरलं. अखेर ऑगस्ट 1964मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. विजय चळवळीचा होता, हे खरं. पण 'शक्य तितक्या मागे' जायचं म्हटलं, तर वाट शेवटी रेवदंड्याच्या आणि पेणच्या वह्यांतूनच जाणार होती.

आज भारतात सगळे मिळून ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने 2016मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. माणसं बहुतेक गेली. कागद काही त्यांच्याबरोबर गेले, काही कोकणातल्या कपाटांत राहिले. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मराठी छापील पुस्तकं मिळतात, पण तिथं मराठी वाचणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. नोआ मसिल यांनी तिकडे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवलं, तो या वाचकवर्गाला धरून ठेवायचा प्रयत्न.

नंदुरबार : उलटा प्रवास

आता सातपुड्याकडे येऊ. इथं गोष्ट अगदी उलटी आहे. नंदुरबार, नवापूर, चिंचपाडा या पट्ट्यातले ख्रिस्ती प्रामुख्याने भिल्ल आणि मावची. यरुशलेम त्यांच्या प्रार्थनेत आहे, पण मूळ भूमी म्हणजे पायाखालचीच. माणसं जागेवर राहिली. कागद परदेशी गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने 1890मध्ये सुरू केलेली ही संस्था. पुढे तिचं नाव बदलून 'टीम' झालं. शाळा, दवाखाने, चर्च उभे राहिले. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आजही भागातल्या लोकांना ठाऊक आहे. मिशनरी घरी पत्रं लिहीत, मुख्य कचेरीला वार्षिक अहवाल पाठवत, फोटो पाठवत. ते सगळं अमेरिकेत साठत गेलं. या अहवालांत दुष्काळाचं साल असतं, पाड्याचं नाव असतं, तिथवर जायची वाट असते.

स्थानिक चर्चमध्ये राहिल्या त्या नोंदवह्या. बाप्तिस्म्याच्या वहीचे रकाने साधे : तारीख, जन्मतारीख, नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, धंदा, विधी करणाऱ्याची सही. लग्नाची नोंद तर सरकारीच, कारण 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार तिची प्रत वरच्या निबंधकाकडे जावी लागते. म्हणजे चर्चमधली वही वाळवीने खाल्ली तरी दुसरी प्रत कुठंतरी असायला हवी. निरक्षर कुटुंबाच्या बाबतीत आजोबाचं नाव आणि पाड्याचं नाव एकाच ओळीत देणारा तेवढाच एक कागद असू शकतो.

त्याचं व्यवहारातलं महत्त्व इथल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारावं. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या माणसाला 6 सप्टेंबर 1950च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. धर्म बदलल्याने जमातीचा दर्जा जात नाही. पण नाव बदललं की कागद जुळेनासे होतात. वहीत जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी असेल, तर तो दुवा सांधता येतो. वनहक्क कायद्याच्या 2008च्या नियमांत तर पुराव्यांची यादीच आहे : गॅझेटियर, जनगणना, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं, वंशावळ, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन. किहीमकरांनी हौसेने जे केलं, ते इथं कायद्यानेच पुरावा मानलं आहे.

अडचणी मात्र नकाशाच्या आहेत. 1 मे 1960ला राज्यं वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. नवापूर स्टेशनाचा फलाटही दोन राज्यांत आहे. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998ला. त्यामुळे एका कुटुंबाची नोंद सुरतेत, दुसरी धुळ्यात, तिसरी नंदुरबारला, आणि आजोबाचा फोटो अमेरिकेत असं सहज होऊ शकतं. अक्राणी-अक्कलकुव्याची 33 गावं सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली, त्यांत दफनभूमीही आल्या. तिथं आता जमिनीवर दाखवायला काही नाही; असेल ते कागदावर किंवा माणसांच्या तोंडी.

काय करता येईल

पहिलं काम यादीचं. कुठल्या चर्चमध्ये कुठल्या सालापासूनच्या वह्या आहेत, एवढं जरी जिल्हाभर नोंदलं तरी निम्मं काम झालं. वह्या उचलून शहरात न्यायची गरज नाही; मोबाइलने पानापानाचे फोटो काढावेत, मूळ वही जिथली तिथंच ठेवावी आणि प्रतींचा एक संच जिल्ह्यातच राहावा. मिशनची परदेशातली दफ्तरं मागवायची ती निवडक नव्हे, सरसकट. 'किरकोळ' म्हणून वगळलेल्या कागदातच पाड्याचं नाव असतं. आणि वाचायला मावची, भिल्ली जाणणारी तरुण मुलं हवीत. मिशनऱ्याने कानाला ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलेलं नाव कुठल्या पाड्याचं, हे सांगू शकेल तो त्या पाड्यावरचाच माणूस.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. धर्मांतर हा विषय आज तापलेला आहे. बाप्तिस्म्याची वही म्हणजे खासगी माणसांची नावं. ती जशीच्या तशी जाहीर झाली तर ज्यांच्यासाठी हे चाललं आहे त्यांनाच त्रास होईल. साल, गाव आणि वहीचा प्रकार सर्वांना दिसावा. नावं मात्र कुटुंबाने मागितली तरच द्यावीत.

बेने इस्राएलांना इतिहास लिहिण्याची बुद्धी दाखला मागितला जाण्याच्या पासष्ट वर्षं आधी झाली, म्हणून तो इतिहास हाताशी होता. नंदुरबारमध्ये दाखला रोज मागितला जातो आहे, त्यामुळे तेवढी सवड नाही. राजवाडे जिथं रुमाल होते तिथं गेले. तेच काम आता नवापूर-चिंचपाड्याच्या कपाटांपर्यंत न्यायचं आहे. त्यासाठी मोठ्या इतिहासकाराची वाट पाहायला नको. कॉलेजच्या दहा-बारा मुलांना एक उन्हाळी सुटी आणि पाळकांची संमती मिळाली तरी सुरुवात होऊ शकते.