ग्रॅम्ब्लिंगचे क्रीडागुरू

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने चेंडू खेळण्याचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतील फुटबॉल मात्र त्याहून निराळा आहे. त्यातील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हातांनी फेकतात किंवा छातीशी धरून पळवितात. दोन्ही पक्षांत अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडूसह प्रतिपक्षाची गोलरेषा ओलांडली की सहा गुण मिळतात. या खेळात एकट्याचे बळ कामास येत नाही. एकाने चेंडू न्यावा आणि इतरांनी अंगावर धक्के झेलून त्याला वाट करून द्यावी, अशी ही रीत आहे.

लुइझियाना राज्यातील ग्रॅम्ब्लिंग या लहानशा गावी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी एक महाविद्यालय होते. १९४१ साली एडी रॉबिन्सन हे बावीस वर्षांचे तरुण तेथे क्रीडाशिक्षक म्हणून आले. त्यांचे वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत; आई लोकांच्या घरी काम करी. स्वतः रॉबिन्सन शिक्षण पुरे करूनही पशुखाद्याच्या गिरणीत मजुरी करीत होते.

ग्रॅम्ब्लिंगला त्यांच्या हाताखाली पगारी मदतनीस कोणी नव्हता. मैदानावरील गवत तेच कापीत, चुन्याच्या रेघा तेच आखीत, खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्यांना पट्ट्याही तेच बांधीत. पहिल्या वर्षी संघाने तीन सामने जिंकले आणि पाच गमावले. रॉबिन्सन खचले नाहीत. पुढच्याच, म्हणजे १९४२ च्या हंगामात त्यांच्या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. एवढेच नव्हे, तर त्या नऊ सामन्यांत प्रतिपक्षांना एकही गुण मिळू दिला नाही! मात्र त्यानंतर महायुद्धामुळे दोन वर्षे महाविद्यालयाचा खेळच बंद राहिला.

मैदानाबाहेरची लढाई अधिक कठीण होती. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. भेदाची ही भिंत आपल्या देशालाही अपरिचित नाही. परगावी सामना असला म्हणजे रॉबिन्सन मुलांसाठी शिदोरी स्वतः तयार करीत. संघाने उपाशी राहू नये, हा त्यांचा बेत. पण अपमानाने मन कडवट होऊ नये, ही त्यांची खरी चिंता असे.

एकदा त्यांच्या संघातील दोन खेळाडूंना वडिलांनी कापूस वेचण्यासाठी घरी नेले. गरिबाच्या घरी पीक आधी, खेळ मागाहून! रॉबिन्सनांनी वडिलांना दोष दिला नाही. ते सगळा संघ घेऊन त्या शेतावर गेले. सर्वांनी मिळून कापूस वेचला आणि दोन्ही मुले मैदानावर परत आली. वाट करून देणे म्हणजे काय, हे त्या दिवशी मुले शेतात शिकली.

खेळासाठी अभ्यास सोडलेला रॉबिन्सनांना खपत नसे. पहाटे वसतिगृहातून घंटा वाजवीत ते मुलांना उठवीत आणि वर्गात पाठवीत. त्यांचे दोनशेहून अधिक शिष्य पुढे व्यावसायिक संघांत खेळले. त्यांपैकी डग विल्यम्स यांनी १९८८ च्या जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामन्यात वॉशिंग्टनच्या संघाला विजय मिळवून दिला. चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराची जागा घेऊन तो सामना जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत.

रॉबिन्सन १९९७ मध्ये निवृत्त झाले. तोवर त्यांच्या नावावर ४०८ विजय जमा झाले होते. आणि योगायोग असा, की पहिल्या हंगामाप्रमाणे शेवटच्या हंगामातही त्यांचे विजय अवघे तीनच होते! १९९८ साली त्यांच्या जागेवर आले ते त्यांचेच शिष्य, डग विल्यम्स. गुरूने करून दिलेल्या वाटेवर आता शिष्य इतरांना वाट करून देण्यासाठी उभा राहिला होता.