युद्धनौकेतील गणकयंत्रांची मांडणी

कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांस युद्धनौकेतील गणकयंत्रांची हकीकत सांगावयाची, तर समुद्रावर जाण्याआधी घाटाच्या पायथ्याशी क्षणभर थांबावे. खोपोलीचे वीजघर १९१५ साली मुंबईस वीज देऊ लागले; १९२२ साली भिवपुरीचे त्याच्या जोडीस आले. दोहोंची यंत्रे निराळी, आणि पाणीही निराळे: खोपोलीस लोणावळा-वळवणचे, भिवपुरीस आंध्रा नदीचे. हे पाण्याचे वेगळेपण ध्यानी असू द्यावे.

रडार व सोनार यांजकडून येणारी वार्ता जुळवून शत्रू कोठे आहे व त्यावर कोणते अस्त्र सोडावे, हे गणकयंत्रे सुचवितात. ध्वनीच्या वेगाने येणारे क्षेपणास्त्र मिनिटास सुमारे २० किलोमीटर तोडते. तेव्हा अचूक परंतु उशिरा आलेले उत्तर निरुपयोगीच होय. सारे काम एका मध्यवर्ती यंत्राकडे दिले, तर त्यावर घाव बसताच नौका आंधळी होते. म्हणून ते जहाजभर पसरलेल्या अनेक यंत्रांत वाटतात.

एवढ्याने भागते काय? १९९७ साली अमेरिकेच्या 'यॉर्कटाउन' नौकेवर यंत्रे पुष्कळ होती; परंतु एका रकान्यात शून्य भरले गेले, भागाकार अडला, जाळ्यातील यंत्रे बंद पडली आणि नौकेची चालच थांबली. वीजघरे अनेक, पण तलाव एकच, असा तो प्रकार!

शिवाय माझगाव गोदीत बांधलेली, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली 'सुरत' कित्येक दशके चालावयाची. गणकयंत्रे मात्र त्याआधीच जुनी होणार. यास्तव यंत्र बदलले तरी आज्ञावली चालू राहील, अशी योजना आराखड्यातच करावी लागते. पुढे पोलादी भिंती फोडून ती साधत नाही.