जुनाट यकृतविकारातील पित्तनलिकेच्या अपरिपक्व पेशींचे वर्तन

चांदीच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत दागिन्याला टणकपणा यावा म्हणून शुद्ध चांदीत तांबे मिसळावे लागते, हे या परिसरात सर्वश्रुत आहे. मानवी शरीरालाही तांबे लागते, मात्र अत्यल्प. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाच्या यकृतात ही क्षमता पुरेशी विकसित झालेली नसते. 'भारतीय बालयकृतकाठिण्य' या एकेकाळी जीवघेण्या असलेल्या रोगाचे मर्म येथेच सापडले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये असे मांडले की, पितळी भांड्यात तापवून ठेवलेले वरचे दूध लहान वयातच सुरू केल्याने तांबे यकृतात साठत असावे. कल्हईकडे दुर्लक्ष झालेले एक साधे पातेले घरातील बालकाच्या जिवावर उठू शकते, ही बाब त्या काळी सहज पटण्याजोगी नव्हती.

या रोगात यकृतपेशी फुगतात, त्यांच्याभोवती तंतू वाढतात आणि नव्या पेशींची निर्मिती खुंटते. एरवी यकृताची पुनर्जननक्षमता विलक्षण असते. प्रयोगातील उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला, तरी उरलेल्या यकृतपेशी विभाजित होऊन आठ-दहा दिवसांत तूट भरून काढतात. परंतु आघात वर्षानुवर्षे चालू राहिला, मग कारण मद्य असो, कावीळ ब किंवा क असो अथवा मेदसंचय, तर या पेशींची विभाजनशक्ती क्षीण होते. अशा वेळी पित्तनलिकेच्या उगमाशी असलेल्या पेशी जाग्या होतात.

हा उगम म्हणजे हेरिंगची नलिका. उसाच्या सरीतील जादा पाणी जेथे चरात उतरते तशी ही जागा असून तिची एक बाजू यकृतपेशींची, तर दुसरी पित्तनलिकेच्या पेशींची असते. येथून निघालेल्या अपरिपक्व पेशी बारीक, वेड्यावाकड्या रांगांनी यकृताच्या खंडिकेत शिरतात. यालाच पित्तनलिकीय प्रतिक्रिया म्हणतात. सायटोकेरॅटिन ७ व १९ या प्रथिनांच्या रंजनाने त्या ओळखता येतात. काही पेशींत दोन्ही जातींची लक्षणे एकत्र आढळतात. पुढचा मार्ग आसपासचे संकेत ठरवतात. 'नॉच' संकेत त्यांना पित्तनलिकेकडे वळवतो, तर 'विन्ट' यकृतपेशीकडे.

या पेशी खरोखर नव्या यकृतपेशी घडवतात काय, यावर दीर्घकाळ वाद झाला. २०१४ च्या सुमारास उंदरांतील वंशमागोवा प्रयोगांत नव्या यकृतपेशी प्रामुख्याने जुन्या यकृतपेशींपासूनच येतात असे दिसले आणि पूर्वजपेशींचा सिद्धांत मागे पडला. परंतु त्या प्रयोगांत यकृतपेशींची विभाजनक्षमता शाबूत होती, हा तपशील महत्त्वाचा होता. २०१७ मध्ये 'नेचर'मधील अभ्यासात ही क्षमता रोखली असता पित्तनलिकेच्या पेशींपासून कार्यक्षम यकृतपेशी निर्माण झाल्या. जुनाट रोगाच्या रुग्णाची स्थिती या दुसऱ्या प्रयोगाशी अधिक जुळते, असे म्हणणे रास्त ठरेल.

तरीही या पेशींना केवळ तारणहार मानता येत नाही. त्यांच्याकडून स्रवणारे संकेत तारकाकृती पेशींना उद्युक्त करतात व तंतुमयता वाढते. प्रतिक्रिया जितकी व्यापक, तितका रोग पुढे गेलेला, असे ऊतिपरीक्षणात वारंवार दिसते. मद्यजन्य यकृतदाहात या पेशींच्या विस्ताराचा संबंध मृत्युप्रमाणाशीही आढळला आहे. दुरुस्तीला निघालेले हे मनुष्यबळ पक्व होण्यापूर्वीच अडकून पडते, आणि त्याच्या गर्दीने मूळ रचनाच बिघडते.

म्हणूनच मूळ कारण दूर करणे निर्णायक ठरते. स्टीलच्या भांड्यांचा वापर रूढ होत गेला तसा बालयकृतकाठिण्याचा प्रादुर्भाव ओसरला. तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन औषधाने वाचलेल्या २९ मुलांची दीर्घकालीन पाहणी पुण्याच्या चमूने १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील काहींचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पूर्ववत झालेले आढळले.