थंड चांदणी आणि तिचा न दिसणारा ताप

मागच्या आठवड्यात कुरडया वाळत घालताना गटातल्या एका आजीनं आम्हाला विचारलं, “सूर्य एवढा तापतो, मग चांदण्याही सूर्यच असतील तर त्या काय करतात?” प्रश्न मोठा होता. आज त्याचंच बोलू.

सूर्याच्या वरच्या थराचा ताप साधारण ५,५०० अंश. पण आकाशात बहुतेक तारे त्याहून लहान आणि थंड आहेत, तांबूस, २,७०० अंशांच्या आसपासचे. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा असाच आहे. प्रॉक्सिमा त्याचं नाव. तिथून निघालेला उजेड आपल्याकडं पोचायला सव्वाचार वर्षं लागतात. सूर्याच्या सहाशेव्या हिश्शाएवढाच त्याचा उजेड, त्यामुळं नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

म्हणजे राखेखालचा निखाराच म्हणा. पण मक्याचं कणीस भाजताना निखारा कसा अचानक तडतडतो, तसा हा ताराही तडतडतो. त्याच्या पोटातला तापलेला वायू वरपासून खालपर्यंत सारखा ढवळत असतो. त्यात चुंबकाची ताकद तयार होते, तिला पीळ पडत जातो, आणि पीळ तुटला की भडका उडतो. वरचा थर थंड असला तरी भोवतीचा विरळ वायू लाखो अंश तापतो. त्यातून अतिनील किरण निघतात आणि क्ष-किरणही. क्ष-किरण म्हणजे दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तेच. नवल असं की क्ष-किरणांत हा एवढासा तारा आपल्या सूर्याच्या जवळपास बरोबरीचा आहे!

हे किरण जमिनीवरून मोजता येत नाहीत. क्ष-किरण आपली हवा अडवते, अतिनील किरणांतले घातक ते वरचा ओझोन अडवतो. आपण उन्हात खुरपतो आणि जगतो, ते त्यामुळंच. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोनं ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह सोडला, जमिनीपासून ६५० किलोमीटर वर. त्यातली क्ष-किरणांची एक दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. अतिनील दुर्बिणीच्या कामात पुण्याच्या आयुका संस्थेचा वाटा आहे. मे २०१७ मध्ये ॲस्ट्रोसॅटनं प्रॉक्सिमाकडं पाहिलं, त्याच वेळी अमेरिकेच्या चंद्रा आणि हबल दुर्बिणींनीही. एकाच भडक्याकडं तिघींनी वेगवेगळ्या डोळ्यांनी बघावं, असा बेत.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१६ मध्ये या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या जोडीचा एक ग्रह सापडला. पाणी पातळ राहील एवढी ऊब त्याला मिळते, पण त्यासाठी तो निखाऱ्याला अगदी खेटून फिरतो. तिथलं वर्ष आपल्या अकरा दिवसांचं! आपण सूर्यापासून जेवढे लांब, त्याच्या विसाव्या हिश्शावर तो. वीसपट जवळ म्हणजे मारा चारशे पट. असा मारा युगानुयुगं झाला तर ग्रहाची हवाच उडून जाऊ शकते, आणि हवा गेली की पाणीही. तिथं हवा उरली आहे का, हे अजून कुणाला कळलेलं नाही. पेपरात “दुसरी पृथ्वी सापडली” असं छापून येतं तेव्हा आम्हाला ती घाई वाटते.

मे संपताना रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेकडं बघा. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर एक ठळक तारा दिसतो. त्याला मराठीत ‘मित्र’ म्हणतात. प्रॉक्सिमा त्याच्याच शेजारी आहे. आजीला आम्ही गच्चीवरून तो दाखवला. त्या म्हणाल्या, “दिसंना झालाय तोच तापट निघाला की!”