‘वसंत’ सोनाटा : लय, पट्टी आणि भाव

पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकेवर कृतीच्या नावापुढे जे शब्द छापलेले असतात, ते आपल्यापैकी पुष्कळांना कोड्यासारखे वाटतात. ‘सोनाटा, एफ मेजर, अलेग्रो’. काही वर्षांपूर्वी वर्गात एका विद्यार्थ्याने त्यांचा अर्थ विचारला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने ‘एफ मेजर म्हणजे त्यांचा एक राग’ असे बेधडक सांगून टाकले. ते उत्तर चूक होते. ते का चूक, याचा शोध घेऊ लागल्यावर निम्मा उलगडा आपल्या मराठी बैठकीच्या बोलीतच सापडला.

ती ध्वनिमुद्रिका बेथोव्हेनच्या व्हायोलिन व पियानो यांच्यासाठी रचलेल्या पाचव्या सोनाट्याची होती. हा सोनाटा १८०१ साली प्रसिद्ध झाला. ‘वसंत’ हे नाव रचनाकाराने दिलेले नव्हे; ते मागाहून रसिकांत रूढ झाले. कृतीचे भाग चार आहेत. पहिला चपळ, दुसरा संथ, तिसरा अगदी चिमुकला व खेळकर, आणि चौथा पुन्हा चपळ, पण फार नव्हे.

आता ‘एफ’ म्हणजे काय? आपले गवयी ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे बोलतात. हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर षड्ज धरावयाचा, तिचे हे नाव. ही पट्ट्यांची मांडणी मूळची युरोपातील, पियानोचीच. त्यामुळे ‘पट्टी’ हा आपला घरगुती शब्द येथे चपखल बसतो. ‘एफ’ म्हणजे पांढरी चार. ‘मेजर’ म्हणजे सातही स्वर शुद्ध, अर्थात भातखंड्यांच्या पद्धतीतील बिलावल थाट. म्हणून ‘एफ मेजर’ याचा मराठी अर्थ ‘पांढरी चारचा षड्ज आणि बिलावलाचे स्वर’ इतकाच. हा राग नव्हे. रागाला आरोह-अवरोह असतात, वादी-संवादी असतात, स्वतःची चाल असते. भातखंड्यांनी अल्हैया बिलावल, देशकार व बिहाग हे तिन्ही एकाच बिलावल थाटात घातले. पण सकाळचा देशकार आणि रात्रीचा बिहाग यांचे भाव एक आहेत असे कोण म्हणेल? थाटावरून भाव ठरत नाही, तसा केवळ ‘एफ मेजर’ या शब्दांवरूनही ठरत नाही.

खरा भेद पुढे आहे, आणि अध्यापकाने थांबावे ते येथे. आपल्या मैफलीत तंबोऱ्याचा षड्ज आरंभापासून अखेरपर्यंत हलत नाही. प्रत्येक स्वराचा रंग त्या अचल षड्जाशी असलेल्या नात्यातून उमटतो. गायकाने मध्येच पट्टी बदलली तर श्रोते बावरतील. मूर्च्छनेचा खेळ कोणी केला तरी तो क्षणभर, आणि तंबोरा आपल्या जागीच असतो. या सोनाट्यात मात्र षड्जच प्रवासाला निघतो. पहिल्या भागात तो पांढरी चारवरून पांढरी एकवर जातो, म्हणजे मूळच्या पंचमालाच षड्जपद मिळते. दुसरा संथ भाग काळी पाचवर आहे. तेथे मूळचा मध्यम षड्ज झालेला असतो. घर सोडणे, परके अंगण पाहणे आणि घरी परतणे, या हालचालीतून त्यांचा भाव फुलतो. ज्याला हे ऐकू येत नाही, त्याला ती कृती नुसत्या गोड सुरांची रांग वाटते. आणि ज्याला आपला अचल षड्ज ऐकू येत नाही, त्या परदेशी श्रोत्याला आपला विलंबित ख्याल कंटाळवाणा वाटतो. दोष दोघांच्याही कानांचा नाही, सवयीचा आहे.

व्हायोलिन हे वाद्य तर दोन्हीकडे तेच. गजाननराव जोशी किंवा वि. गो. जोग यांच्या हातात त्याच्या तारा षड्ज-पंचमाच्या हिशेबाने मिळवल्या गेल्या आणि त्यावर मींड उतरली. पियानोला मींड नाही, आणि त्याचा स्वर आघात होताच विरू लागतो. म्हणूनच पहिल्या भागाच्या आरंभी व्हायोलिन लांब श्वासाची चाल गाते, आणि मग पियानो तीच चाल उचलतो. दुसऱ्या भागात क्रम उलटा: पियानो आधी, व्हायोलिन मागून.

लयीसंबंधी थोडक्यात सांगतो. आपले विलंबित, मध्य, द्रुत हे शब्द केवळ गती सांगतात. ‘अलेग्रो’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘आनंदी’ असा आहे. तेथे गतीचे नाव भावाच्या शब्दावरून पडले. दुसऱ्या भागावर ‘सावकाश, अतिशय भावपूर्ण’ अशा अर्थाची इटालियन सूचना आहे. लय आकड्यांनी मोजणाऱ्या मेट्रोनोमचे पेटंट मेल्झेलने १८१५ साली घेतले, म्हणजे या सोनाट्यानंतर. त्यामुळे नेमकी गती वादकांनीच ठरवावयाची. तिसऱ्या भागात तर व्हायोलिन पियानोच्या एक मात्रा मागे पडल्यासारखे धावते. कच्चा वादक चुकला की काय असे क्षणभर वाटते, आणि गंमत तीच आहे.

राहिला पट्टीचा आणि भावाचा संबंध. एफ मेजर ही निसर्गाची, शांत रानाची पट्टी, असे काही पाश्चात्त्य रसिक मानतात. बेथोव्हेनची १८०८ साली प्रथम सादर झालेली ‘पास्टोरल’ सिम्फनीही याच पट्टीत आहे, हे खरे. पण चारशे चाळीस कंपनांचा आजचा प्रमाण स्वर १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला. त्यापूर्वी गावोगावचा स्वर निराळा असे. मग १८०१ सालचा ‘एफ’ आजच्याच उंचीचा होता असे कसे धरावे? त्या विशिष्ट उंचीतच वसंत भरलेला आहे, हे मत मला पटत नाही.

त्या चुकीच्या उत्तराची भरपाई म्हणून पुढे एकदा शाळेतील हार्मोनियम वर्गात आणविली. आमच्या संगीतशिक्षकांनी सोनाट्याच्या आरंभीची चाल प्रथम पांढरी चारवरून वाजविली, मग काळी एकवरून. ‘चाल तीच आहे, फक्त खाली गेली,’ असे मुले म्हणाली. नंतर तीच चाल गंधार, धैवत व निषाद कोमल करून वाजविली. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, ‘गुरुजी, आता संध्याकाळ झाली.’